पीक जोमदार, तरी दाण्यात कॅडमियम: जड धातूंबाबत या चुका टाळा

पहिली चूक डोळ्यांची. पीक हिरवंगार आहे, उतारा चांगला आहे, मग मातीत काय बिघाड असणार? कॅडमियमची खोड अशी, की माणसाला बाधेल इतकं दाण्यात उतरलं तरी रोप आजारी दिसेलच असं नाही. जपानमधल्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीचं पाणी भातखाचरांत जात होतं. तिथला भात खाऊन लोकांची मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं ठिसूळ झाली. हा कॅडमियमचा परिणाम असल्याचं सरकारने 1968 मध्ये मान्य केलं. तोवर अनेक वर्षं निघून गेली होती.

दुसरी चूक, नेहमीच्या माती परीक्षणावर विसंबणं. त्यात नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश, सामू (pH, म्हणजे जमीन किती आम्ल किंवा विम्ल), सेंद्रिय कर्ब असतो. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक सहसा नसतात, ते वेगळे मागावे लागतात. नमुना घ्यायला जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नका, नाहीतर अहवालात जस्त फुगलेलं दिसेल. प्लॅस्टिकची बादली घ्या. रस्त्याकडेची पट्टी, पाटाचं तोंड आणि शेताचा मध्य यांची माती एकत्र कालवू नका. दूषित कोपरा सरासरीत लपतो, आणि शोधायचा तर तोच असतो.

अहवाल आला की लोक एकूण आकडा बघून एकतर घाबरतात, नाहीतर निर्धास्त होतात. दोन्ही घाईचं. धातू मातीत किती आहे यापेक्षा मुळांना किती मिळतो ते महत्त्वाचं. त्याच आकड्याचं कॅडमियम आम्लधर्मी, रेताड जमिनीत पिकात सहज चढतं, पण चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर असतील तर बरंचसं अडकून राहतं. म्हणून सामू आणि पिकातल्या धातूची तपासणी सोबत हवीच.

आता सर्वांत गुंतागुंतीची चूक: सगळ्या धातूंना एकच औषध. आम्लधर्मी जमिनीत चुना टाकून सामू 6.5 च्या आसपास नेला की कॅडमियमला लगाम बसतो. पण आर्सेनिक उलट्या चालीचं. सामू वाढला की ते मातीतून सुटू शकतं. जुन्या फळबागांत एके काळी लेड आर्सेनेट हे शिसे आणि आर्सेनिक असलेलं कीटकनाशक फवारलं जायचं. तिथे शिसे बांधायला भरपूर स्फुरद दिलं, तर आर्सेनिक मोकळं होतं.

भातात पेच आणखी घट्ट. खाचर सतत भरलेलं ठेवलं की हवेअभावी आर्सेनिक विरघळून मुळांकडे जातं. पाणी आलटून पालटून सोडलं आणि आटवलं तर ते कमी होतं, पण कॅडमियम वाढू शकतं. त्यामुळे आपल्या मातीत त्रास कोणाचा आहे हे कळल्याशिवाय पाण्याचं वेळापत्रक बदलू नका. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा कॅडमियमला 0.4 आणि अकार्बनी आर्सेनिकला 0.2 मि.ग्रॅ. प्रति किलो आहे.

भाजी धुतली की झालं, हाही अर्धाच उपाय. शिसे बहुतांशी धुळीतून आणि चिकटलेल्या मातीतून येतं, ते धुऊन, मुळं सोलून बरंच जातं. कॅडमियम पानाच्या आतच असतं, ते पाण्याने निघत नाही. संशय असलेल्या जमिनीत पालेभाज्यांऐवजी टोमॅटो, भेंडी, दुधी अशा फळभाज्या बऱ्या. (स्फुरद खताच्या पोत्यातूनही थोडं कॅडमियम येतं, कारण ते मुळात फॉस्फेटच्या खडकात असतं. गरजेपेक्षा जास्त टाकण्यात फायदा काहीच नाही.)

आणि सूर्यफूल लावून जमीन दोन हंगामांत शुद्ध होईल, ही आशा सोडा. टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं आर्सेनिक खरोखर शोषतं, पण त्यालाही वर्षं लागतात. धातू कुजून नाहीसे होत नाहीत. कापलेली झाडं खतखड्ड्यात टाकली किंवा शेताच्या बांधावर जाळली, तर तेच आर्सेनिक पुन्हा त्याच मातीत येतं.