खिशातल्या ट्रीट आणि शेरूचं पोट

आमच्या कुत्र्याला, शेरूला, जुलाब लागले तेव्हा मी आधी पाण्याला दोष दिला. मग एका रात्री पँटचा खिसा झटकला, तर ट्रीटचा मूठभर चुरा! बसला की एक, पंजा दिला की एक. घरातले चौघंही देत होतो, हिशेब कुणाचाच नाही. डॉक्टर म्हणाले, ट्रीट दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत हवी. सगळ्या बंद केल्या. दोन दिवस उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन आणि मऊ भात, थोडा थोडा. मग नेहमीचं खाणं हळूहळू वाढवलं. शी घट्ट झाली (हो, रोज वाकून बघायचो). उलटी, रक्त किंवा मरगळ दिसली असती तर घरी थांबलोच नसतो. आता एकच प्रकार, नखाएवढे तुकडे, सकाळीच डबीत मोजून. डबी संपली की शेरू कितीही केविलवाणा बघू दे.