डिमेन्शियाच्या शुश्रूषेचे प्रशिक्षण उपयोगी पडले का, हे कसे तपासावे

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत नेणारा आजार) असावा, असे ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांतल्या अनेक मराठी घरांत मुले पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी आणि आईवडील इथे, अशी स्थिती असल्यामुळे शुश्रूषेचा मोठा भार नर्सिंग ब्यूरोकडून येणाऱ्या केअरटेकरवर किंवा घरातल्या एखाद्या सुनेवर पडतो. त्यांच्यासाठी, तसेच नर्सिंगच्या आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी, शिबिरे घेतली जातात. शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घेऊन प्रमाणपत्रे वाटली जातात आणि ‘शिबिर यशस्वी झाले’ अशी नोंद होते. ती नोंद खरी आहे का हे ज्यांना तपासायचे आहे, अशा आयोजकांसाठी, शिक्षकांसाठी आणि प्रकल्प म्हणून हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: सहभागींना प्रशिक्षण कसे वाटले, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांचे वागणे बदलले का, आणि त्या बदलाचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला. पहिली पायरी सोपी म्हणून बहुतेक आयोजक तिथेच थांबतात, आणि भरवसा मात्र तिचाच सर्वांत कमी असतो. पोहे-जिलेबी गरमागरम मिळाली तरी अभिप्रायातले गुण वाढतात. वेळ आणि माणसे अपुरी असतील तर अभिप्रायाला पाच मिनिटे, ज्ञानाच्या चाचणीला अर्धा तास आणि उरलेली सर्व शक्ती वागण्याच्या निरीक्षणाला द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काय बदलायला हवे, ते आधी लिहावे

‘सहभागींमध्ये संवेदनशीलता निर्माण होईल’ असे उद्दिष्ट लिहिले, की ते साध्य झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असे वागणे लिहावे. उदाहरणार्थ, केअरटेकर रुग्णाच्या मागून न येता समोरून येते आणि हात लावण्यापूर्वी आपण काय करणार ते सांगते. एका वेळी एकच सूचना देते. नकार मिळाला तर ओढाताण न करता थोड्या वेळाने पुन्हा विचारते. आणि एक-दोन दिवसांतच गोंधळ एकाएकी वाढला तर ‘आजार बळावला’ असे म्हणून न थांबता डॉक्टरांना कळवते, कारण असा अचानक बदल बहुधा जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता किंवा एखादे नवे औषध यांमुळे झालेला असतो. अशी पाच-सहा वर्तने पुरेशी आहेत. पंचवीस लिहिली तर एकही धड तपासले जाणार नाही.

ही वर्तने पुस्तकातून उतरवू नयेत. शिबिरापूर्वी चार-पाच कुटुंबांना दिवसातली कोणती वेळ सर्वांत कठीण जाते ते विचारावे. कोणी आंघोळीचे सांगेल, कोणी दिवेलागणीला सुरू होणाऱ्या येरझाऱ्यांचे. १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलमध्ये आयुष्य काढलेले एखादे आजोबा रोज पाळीला निघण्याची तयारी करत असतील, तर त्यांना दाराशी अडवून ‘मिल केव्हाच बंद झाली’ असे बजावायचे, की ‘अजून वेळ आहे, आधी चहा घेऊ’ म्हणून त्यांना मिलच्या गोष्टी बोलत्या करायचे, हा त्या घरातला खरा प्रश्न असतो, आणि मूल्यमापनही त्याच प्रश्नाभोवती रचले पाहिजे.

प्रशिक्षणाची स्वतःची पात्रता इथेच पाहून घ्यावी. संशोधक क्लेअर सर (Surr) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा व्यापक आढावा घेतला, तेव्हा सहभागींच्या कामाशी थेट जोडलेले, समोरासमोर चर्चेतून आणि सरावातून दिलेले, अनुभवी प्रशिक्षकाने घेतलेले आणि एकूण आठ तासांहून अधिक, तेही दीड तासाच्या किंवा त्याहून मोठ्या सत्रांत विभागलेले प्रशिक्षण अधिक परिणामकारक ठरते, असे दिसले. दोन तासांचे एक व्याख्यान झाले असेल, तर तीन महिन्यांनी वागण्यातला बदल शोधायला जाणे हा वेळेचा अपव्यय आहे.

ज्ञानाची चाचणी

ज्ञान मोजण्यासाठी प्रमाणित प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. ‘डीकेएएस’ या प्रश्नावलीत २५ विधाने असून एकूण गुण ५० असतात. आजाराची कारणे व लक्षणे, संवाद व वर्तन, शुश्रूषेतील गरजा आणि जोखीम व आरोग्यसंवर्धन असे तिचे चार भाग आहेत, आणि ‘माहीत नाही’ हा पर्यायही दिलेला असल्यामुळे उत्तर ठोकून देण्याची वेळ येत नाही. विद्यार्थ्यांसाठी ती योग्य आहे. फारसे न शिकलेल्या केअरटेकरसाठी मात्र ती जशीच्या तशी वापरू नये. तिच्याकडून दहा-बारा प्रश्न तोंडी, आणि ज्या भाषेत ती दिवसभर बोलते त्या भाषेत, विचारून घ्यावेत. इंदूरमध्ये ही भाषा बहुधा हिंदी, माळवी किंवा निमाडी असते. भाषांतर केलेच, तर ते दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत करवून घ्यावे आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तपासावेत. मूळ कर्त्यांची परवानगीही घ्यावी.

स्वतः प्रश्न तयार करताना प्रसंग द्यावा. ‘डिमेन्शिया हा मेंदूचा आजार आहे, बरोबर की चूक?’ या प्रश्नाला शिबिराआधीच जवळजवळ सर्व जण बरोबर उत्तर देतात, आणि मग वाढायला जागाच उरत नाही. त्याऐवजी असे विचारावे: ‘कालपर्यंत ओळखीने बोलणाऱ्या आजी आज सकाळपासून सारख्या झोपेत आहेत, मध्येच जाग आली की असंबद्ध बोलतात आणि लघवीला जळजळ होते म्हणतात. तुम्ही काय कराल?’ शिकवण्यापूर्वी आणि शिकवल्यानंतर तेच प्रश्न असावेत, आणि प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्यावा, म्हणजे त्याच व्यक्तीच्या दोन उत्तरपत्रिका एकमेकींशी जुळवता येतील. नावाविना गोळा केलेल्या कागदांच्या दोन गठ्ठ्यांची सरासरी काढून कोण शिकले आणि कोण नाही हे कळत नाही. शिबिर संपताच घेतलेल्या चाचणीत गुण बहुधा वाढतातच. तीच चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा घेतली तर खरे काय ते समजते.

आत्मविश्वासाच्या प्रश्नावल्यांबाबत, उदाहरणार्थ १७ प्रश्नांच्या ‘एससीआयडीएस’बाबत, एक सावधगिरी बाळगावी. शिबिरापूर्वी ‘मला सगळे जमते’ म्हणणारी व्यक्ती शिकल्यानंतर, आपल्याला किती कमी येत होते हे उमगल्यामुळे, स्वतःला कमी गुण देते, आणि कागदावर प्रशिक्षणाने नुकसान केल्यासारखे दिसते. म्हणून शेवटी ‘आज मागे वळून पाहता शिबिरापूर्वी तुम्हाला हे कितपत जमत होते?’ असाही प्रश्न विचारावा आणि दोन्ही उत्तरे नोंदवावीत.

विद्यार्थ्यांना प्रसंगात उभे करावे

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या क्रमानुसार विद्यार्थ्याला माहीत असणे, कसे करायचे हे ठाऊक असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्ष कामात तसे करणे, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लेखी परीक्षा पहिल्या दोहोंपलीकडे जात नाही. तिसरीसाठी, रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’ ही टप्प्याटप्प्यांची परीक्षा उत्तम आहे, आणि इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीतली एखादी ज्येष्ठ अभिनेत्री रुग्णाची भूमिका करायला तयार झाली, तर दुसरे काय हवे!

समजा, एम. वाय. रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाचा वॉर्ड आहे, खुब्याचे हाड मोडल्यामुळे दाखल केलेल्या आजी पलंगावरून उतरू पाहत आहेत आणि सारख्या म्हणत आहेत, ‘माझी आई कुठे आहे? ती वाट बघत असेल.’ विद्यार्थिनीला सात मिनिटे द्यावीत. ‘आजी, तुमची आई केव्हाच गेली’ असे ती म्हणाली, तर विधान खरे असूनही गुण शून्य, कारण आजींच्या दृष्टीने ती मृत्यूची बातमी पहिल्यांदाच कळत असते. ‘आईची आठवण येते का? कशी होती तुमची आई?’ असे विचारून ती शेजारी बसली, तर संवादाचे गुण द्यावेत. आणि बोलताबोलता आजींना वेदना आहेत का, लघवीला जायचे आहे का, चष्मा आणि श्रवणयंत्र जागेवर आहे का, हे तिने पाहिले, तर निम्मे गुण त्यासाठी राखून ठेवावेत. अनेक गुणवंत विद्यार्थी गोड बोलतात आणि वेदना तपासायला विसरतात. ‘पेनॅड’ या वेदना ओळखण्याच्या मोजपट्टीत श्वास, कण्हणे, चेहऱ्यावरचे भाव, शरीराची हालचाल आणि समजूत काढल्यावर शांत होणे या पाच खुणांवरून ० ते १० गुण देतात; ती वापरता येते का, हेही याच टप्प्यावर तपासून घ्यावे.

विद्यार्थिनीला मराठी येत नसेल तर काय, हा प्रश्न इंदूरमध्ये हमखास निघतो. डिमेन्शिया वाढतो तसतशी नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते आणि बालपणीची टिकून राहते, त्यामुळे पन्नास वर्षे उत्तम हिंदी बोललेल्या आजी फक्त मराठीत उत्तर देऊ लागतात. अशा वेळी विद्यार्थिनीने भाषा येत नाही म्हणून बोलणेच थांबवले, की ‘दुखतंय का’, ‘पाणी हवं का’ असे चार शब्द घरच्यांकडून शिकून घेतले, हे पाहून तिला गुण द्यावेत.

घरात जाऊन पाहणे

केअरटेकरचे खरे मूल्यमापन घरात होते, आणि ते सर्वांत नाजूक असते. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डमध्ये टॉम किटवुड यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘डिमेन्शिया केअर मॅपिंग’ पद्धतीत प्रशिक्षित निरीक्षक दर पाच मिनिटांनी रुग्णाची स्थिती नोंदवतो. ती संस्थांतल्या सामाईक जागांसाठी आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते. घरासाठी तिच्यातला रुग्णाकडे बघत राहण्याचा दृष्टिकोन तेवढा घ्यावा आणि निरीक्षणपत्र एका पानाचे ठेवावे.

त्या पानावर ‘चांगले–मध्यम–वाईट’ असे शेरे नसावेत. निरीक्षक दुपारच्या जेवणाच्या वेळी गेली, तर तिने असे लिहावे: केअरटेकरने ताट समोर ठेवताना काय वाढले आहे ते सांगितले का, वरणभात कालवून घास हातात दिला की थेट तोंडात भरवला, आधीचा घास गिळेपर्यंत थांबली का, सूचना दिल्यावर उत्तरासाठी मनात पाच आकडे मोजण्याइतका वेळ दिला का, मोबाइल हातात होता का, आणि काकूंनी तोंड फिरवल्यावर पुढच्या मिनिटभरात काय घडले. आंघोळ पाहायची असल्यास निरीक्षकाने न्हाणीघराबाहेर थांबून फक्त ऐकावे आणि कपडे घालण्यापासून पुढचे पाहावे. छायाचित्र किंवा व्हिडिओ मुळीच घेऊ नये. काही भेटी दोन निरीक्षकांनी मिळून कराव्यात आणि आपापली पाने वेगवेगळी भरून ताडून पाहावीत. दोघींच्या नोंदी जुळत नसतील तर दोष बहुधा पत्रकाच्या शब्दांत असतो.

पहिल्या भेटीत कोणीही नेहमीपेक्षा नीट वागते, म्हणून दुसऱ्या भेटीची नोंद अधिक विश्वासार्ह समजावी. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, आठवडा, गणपतीचे दिवस आणि नर्सिंगच्या परीक्षा या काळात भेटी ठेवू नयेत. कुटुंबाची आणि केअरटेकरची लेखी संमती घ्यावी, आणि रुग्ण संमती देऊ शकत नसेल, तरी त्याने अस्वस्थता दाखवताच निरीक्षण थांबवावे. अभ्यास प्रसिद्ध करायचा असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता सुरुवातीलाच घ्यावी लागते. काम उरकल्यावर ती मिळत नाही.

परिणाम वाचताना

कर्कपॅट्रिक यांच्या चौथ्या पायरीवर, म्हणजे प्रत्यक्ष परिणाम मोजताना, सर्वाधिक गफलती होतात. डिमेन्शिया हा वाढत जाणारा आजार असल्याने सहा महिन्यांनी रुग्णाची स्थिती खालावलेली दिसली, म्हणून प्रशिक्षण वाया गेले असे होत नाही. तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि त्याला वंचित ठेवण्याची गरज नसते: निम्म्या इच्छुकांना चिठ्ठ्या टाकून पहिल्या तुकडीत घ्यावे, निम्म्यांना तीन महिन्यांनंतरच्या तुकडीत, आणि या मधल्या काळात दोन्ही गटांची मोजणी करावी.

मोजपट्टी कोणती निवडली, यावरही उत्तर बदलते. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी येऊन दिलेल्या मार्गदर्शनाने काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा त्रास कमी जाणवला, पण काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजणाऱ्या २२ प्रश्नांच्या झारिट मोजपट्टीवर नोंदवलेल्या भारात ठोस फरक सिद्ध झाला नाही. फक्त झारिट वापरली असती, तर तो कार्यक्रम निष्फळ ठरला असता. म्हणून घरच्यांसाठी किमान दोन मोजपट्ट्या ठेवाव्यात आणि त्यांपैकी मुख्य कोणती, हे आधीच लिहून ठेवावे.

तीन महिन्यांनी किती जणी सापडल्या, हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर असावा. ब्यूरोच्या केअरटेकर घरे बदलतात, काम सोडतात, फोन नंबर बदलतात. ज्या टिकून राहिल्या त्या मुळातच अधिक मन लावून काम करणाऱ्या असण्याची शक्यता असते. नावनोंदणीच्या वेळीच प्रत्येकीकडून एका नातेवाइकाचाही नंबर घ्यावा. वीस जणींच्या गटाच्या टक्केवाऱ्या दशांश चिन्हापर्यंत काढण्यात अर्थ नाही. ‘वीसपैकी चौदा जणी भेटल्या, त्यांपैकी नऊ जणी आता उत्तरासाठी थांबतात, शिबिरापूर्वी तीन थांबत होत्या’ असे सरळ लिहावे.

एखादे वर्तन अजिबात बदलले नसेल, तर त्या केअरटेकरला बोलते करावे. पुष्कळदा तिला सर्व आठवत असते, पण घरचे नऊ वाजता आंघोळ उरकायला सांगतात, किंवा दोन रुग्णांची जबाबदारी तिच्या एकटीवर असते. अशा वेळी पुढच्या तुकडीत घरातल्या निर्णय घेणाऱ्या व्यक्तीसाठी दीड तासाचे स्वतंत्र सत्र ठेवावे. एकेकीच्या निरीक्षणाची पाने ब्यूरोला किंवा मालकांना देऊ नयेत, आणि तसे लेखी आश्वासन संमतिपत्रातच द्यावे. नोकरीची भीती असेल, तर पुढच्या भेटीला दार उघडले जाणार नाही.