स्थिर कुपी आणि हलती कुपी : सूक्ष्मजीवांचे सहअस्तित्व अभ्यासताना

दोन प्रकारचे जिवाणू एकाच अन्नावर जगत असतील, तर त्यांतला सरस प्रकार दुसऱ्याला हटवतो, ही रशियन जीवशास्त्रज्ञ गाउसे यांनी १९३४ मध्ये मांडलेली कल्पना आपण पहिल्या वर्षीच शिकतो. मग ती नेहमी खरी का ठरत नाही, हे समजण्यासाठी नव्या विद्यार्थ्याने गणिती प्रारूपांच्या आधी एक प्रयोग स्वतःच्या हाताने करावा, असे मला मनापासून वाटते.

पॉल रेनी आणि मायकेल ट्रॅव्हिसानो यांनी तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. 'स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स' या जिवाणूचा गुळगुळीत कॉलनीचा (कॉलनी म्हणजे पोषक थराच्या प्लेटवर एका पेशीपासून वाढलेला, डोळ्यांना दिसणारा ठिपका) एकच प्रकार न हलवलेल्या कुप्यांत ठेवला असता काही दिवसांतच त्यातून निराळे प्रकार निपजले; शेकरवरच्या, म्हणजे सतत हलवणाऱ्या यंत्रावरच्या, कुप्यांत तसे घडले नाही. त्यांपैकी सुरकुतलेल्या कॉलनीचा प्रकार सेल्युलोजयुक्त चिकट पदार्थ जास्त बनवतो आणि दुधावर साय धरावी तसा पृष्ठभागावर थर धरतो. तिथे त्याला ऑक्सिजन भरपूर मिळतो, परंतु त्या पदार्थावर होणारा खर्च चुकत नाही, आणि द्रव हलता ठेवला की पृष्ठभागाचा लाभ जातो व खर्च तेवढा उरतो. तडजोड म्हणतात ती हीच.

मी सुरुवातीला गुळगुळीत आणि सुरकुतलेला हे दोन्ही प्रकार सम प्रमाणात मिसळले, शेवटी दोन्ही दिसले आणि सहअस्तित्व सिद्ध झाले असे लिहून बसले. ते चुकीचे होते, कारण हरणारा प्रकारही नाहीसा व्हायला वेळ घेतो. प्रत्येक प्रकार आलटून पालटून दुर्मीळ ठेवावा, म्हणजे एकास शंभर आणि शंभरास एक, आणि दुर्मीळ असताना तो प्रमाणात वाढतो का ते पाहावे. दोघेही वाढले तरच सहअस्तित्वाचा दावा करता येतो. त्याबरोबर दोन्ही प्रकार हलत्या कुपीत वेगवेगळे वाढवून खर्चही मोजावा. तो गृहीत धरू नये.

मोजणीत एक अडचण हमखास येते. सायीचे तुकडे नीट सुटे झाले नाहीत, तर शेकडो पेशींच्या गुठळीतून प्लेटवर एकच कॉलनी उगवते आणि सुरकुतलेला प्रकार प्रत्यक्षाहून कमी भरतो. म्हणून नमुना घेण्यापूर्वी कुपी व्होर्टेक्सवर (वेगाने घुसळणाऱ्या उपकरणावर) जोराने ढवळावी, गुठळ्या राहिल्या नाहीत हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे, आणि ज्या प्लेटवर ३० ते ३०० कॉलनी असतील तीच मोजणीस घ्यावी. मात्र तोवर इन्क्युबेटरमधल्या स्थिर कुप्यांना धक्का लागू देऊ नये. थर बुडाला की प्रयोगाची परिस्थितीच बदलते.