मीटर बदलायला माणसं येण्याआधी

गल्लीत स्मार्ट मीटर बसायला लागले की आधी आपल्या जुन्या मीटरचा फोटो काढून ठेवा. त्यात मीटर नंबर आणि आकड्याशेजारची केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) ही अक्षरं स्पष्ट दिसली पाहिजेत. डिस्प्ले फिरता असतो, तारीख, व्होल्टेज असं बरंच काही येऊन जातं आणि घाईत भलताच आकडा टिपला जातो. जुनं मीटर एकदा गोणीत गेलं की भांडायला हातात काही उरत नाही. छतावर सोलर असेल तर इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही आकडे घ्या. मागच्या वर्षभराची बिलं एका पिशवीत काढून ठेवा, पुढे त्याच महिन्याशी ताडून बघायला लागतील.

यानंतरचं काम सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच राहतं: न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तपासून घेणं. मी वीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. आपल्या कोल्हापूरच्या पेठांतून वाटणी झालेली घरं भरपूर. मधे भिंत घातली, मीटर दोन घेतले, न्यूट्रल मात्र एकच राहिला. नवं मीटर फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतं, आणि दोन्हींत फरक पडला की जास्तीचा धरून युनिट लावतं. उत्तरेश्वर पेठेत दोन भावांच्या अशाच एका घरी थोरल्याकडचं सगळं बंद केलं, तरी त्याच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता. धाकट्याच्या स्वयंपाकघरातला फ्रीज सुरू झाला की लुकलुक वाढायची. वहिनी म्हणाल्या, "मीटरच खोटं आहे." मीटर बरोबर होतं, माळ्यावरच्या जुन्या पेटीत दोन्ही घरांचे न्यूट्रल एकाच स्क्रूखाली पिळलेले होते. म्हणून वायरमनला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर पकडीत धरून करंट मोजायचं यंत्र, घेऊन बोलवा. घरात जाणाऱ्या फेज-न्यूट्रलच्या दोन्ही वायरी एकत्र पकडीत घेतल्या की काटा शून्यावर हवा. नसेल तर न्यूट्रल उसना आहे किंवा कुठंतरी लिकेज आहे. इन्व्हर्टरचा न्यूट्रलही बघायला सांगा.

नदीकाठच्या भागात राहत असाल, दुधाळी असो की शाहूपुरीची कुंभार गल्ली, तर २०१९ आणि २०२१ च्या पुराची खूण भिंतीवर शोधा आणि मीटरचा बोर्ड तिच्यावर घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३; पण मीटर कितीवर बुडतं हे तुमच्या भिंतीलाच ठाऊक. मीटर बदलणार आहेच, तर बोर्ड उचलायची विनंती आधीच लेखी द्या. अपार्टमेंटचे मीटर तळघरात असतील तर तिथं मोबाईलला रेंज येते का तेही बघा. मीटर आकडे पाठवतं ते नेटवर्कवरूनच.

मीटर बसवताना घरातलं कोणीतरी समोर थांबा. बदलीच्या कागदावर जुना शेवटचा आणि नव्याचा पहिला आकडा लिहिल्याशिवाय सही करू नका, सील लागलंय का ते हात लावून बघा. मग बाकी सगळं बंद ठेवून एक हजार वॅटचा हीटर सहा मिनिटं चालवा. ०.१ युनिट पडायला हवं. मीटरवर ३२०० इम्प (एका युनिटला दिवा इतक्या वेळा लुकलुकतो) असं छापलेलं असेल तर दिवा साधारण ३२० वेळा लुकलुकेल. पुढे रीडिंग वापराशी जुळत नाही असं वाटलं तर लेखी तक्रार करा. वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे वीज कंपनीनं पाच दिवसांत जोडीला दुसरं मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची असते.

पाण्याचं मीटर स्मार्ट होवो न होवो, गळती आत्ताच शोधा. काळम्मावाडी धरणातून एवढं लांबून आणलेलं पाणी टाकीच्या बिघडलेल्या बॉलकॉकमुळे वाहून जातं. पाणी सुटल्यावर टाकी भरू द्या, घरातले नळ बंद करा आणि मीटरच्या काचेतली छोटी चकती बघत पाच मिनिटं थांबा. ती फिरत राहिली तर प्लंबरला आजच फोन करा.