गाडीच्या रंगावरील घासल्याच्या खुणा

सोलापुरातील नवी पेठेच्या गर्दीत शेजारच्या दुचाकीच्या हँडलचे रबर दाराला घासून काळसर पट्टा उमटला, तर लगेच रंगकाम करून घेण्याची गरज नसते. आधी तो भाग भरपूर पाण्याने धुवावा, कारण इथली कोरडी धूळ तशीच पुसल्यास नवे ओरखडे पडतात. मग खुणेवरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही, तर ओलसर मायक्रोफायबर कापडावर वाटाण्याएवढे रबिंग कंपाउंड (रंगाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणारी पेस्ट) घेऊन हलक्या हाताने चोळावे, पुसून पाहावे आणि खूण विरेपर्यंत असे दोन-तीनदा करून शेवटी वॅक्स लावावे. हे काम सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच करावे. दाराच्या कडांवर मात्र जोर देऊ नये. तेथे रंगाचा थर पातळ असतो.