मोड बदलून ताकद येत नाही : ड्राइव्ह मोडच्या या चुका टाळा

नवी गाडी घेतलेल्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात बसेपर्यंत सोबत करणं, हे काम मी बरीच वर्षं करतोय. पूर्वी सगळा वेळ क्लचवर जायचा. आता बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिक झाल्या आणि तोच वेळ मोडच्या, म्हणजे इको, नॉर्मल, स्पोर्ट अशी गाडीची वागणूक बदलणाऱ्या बटणावर जातो. गाडी हातात आली की पहिल्या तासाभरात सगळे मोड फिरवून बघायचे, आणि मग एक तर कायम स्पोर्ट नाही तर कायम इको. गाडीसोबत आलेलं पुस्तक मात्र डॅशबोर्डच्या खणात पिशवीसकट तसंच पडलेलं.

मोड बदलला म्हणून इंजिन मोठं होत नाही. बहुतेक गाड्यांत पेडल तळापर्यंत दाबलं की मिळणारी ताकद इको, नॉर्मल आणि स्पोर्टमध्ये जवळपास तीच असते. बदलतं ते एवढंच, की गाडी तुमच्या पायाचं किती चटकन ऐकते. स्पोर्टमध्ये पेडल जरासं दाबलं तरी इंजिन उसळतं, वरचा गिअर उशिरा पडतो, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगही जड होतं. इकोमध्ये पाय तेवढाच दाबूनही प्रतिसाद मवाळ मिळतो, वरचा गिअर लवकर पडतो, बऱ्याच गाड्यांत एसीचा जोरही कमी होतो.

उतारावर इको आणि पाय ब्रेकवर

मला सगळ्यात जास्त भीती या चुकीची वाटते. एकदा एका नवशिक्याबरोबर लांबलचक घाट उतरत होतो. मायलेज मिळावं म्हणून त्याने गाडी इकोत ठेवलेली. इको गिअरबॉक्सला सतत वरच्या गिअरकडे नेतं, त्यामुळे इंजिन गाडीला धरून ठेवत नव्हतं आणि सगळा भार ब्रेकवर. तो पाय उचलायलाच तयार नव्हता. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायच्या आत वास आला. जळक्या क्लचसारखा, नाकात बसणारा वास. पुढच्या वळणावर त्याचा चेहरा बदलला. "सर, पेडल खाली जातंय."

गिअरबॉक्स मॅन्युअलमध्ये, म्हणजे गिअर हाताने बदलता येतात त्या स्थितीत टाकून गिअर एकेक करून खाली आणायला लावले आणि सापडली त्या रुंद जागेवर गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरूनच झळ लागत होती, आणि तापलेल्या धातूचा टिकटिक आवाज येत होता. तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला, मी त्याचा हात धरला. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकू शकते, तडकू शकते. अर्धा तास नुसते थांबलो. नंतर पूर्ण उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. इंजिन ओरडतंय म्हणून तो घाबरला होता, पण टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही.

माझी सवय सांगतो. उतार सुरू होण्याआधीच इको बंद, गिअर हातात. वळणाआधी ब्रेक ठामपणे दाबायचा आणि सोडायचा, तळवा टेकवून ठेवायचा नाही. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना मी गाडी थांबवायला लावतो. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजच्या इंजिनात इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर गाडीवरचा ताबा जातो.

स्नो आणि सँड एकच समजणं

बर्फ काय, वाळू काय, दोन्ही निसरडंच, मग काय फरक पडतो, असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. हे दोन मोड उलट दिशेने काम करतात. स्नो इंजिनाला आवरतं, बऱ्याच गाड्यांत सुरुवातच दुसऱ्या गिअरमध्ये करतं, म्हणजे चाक जागेवर फिरू नये. वाळूत गाडीला वेग टिकवायचा असतो, म्हणून सँड मोड चाकांना थोडं फिरू देतो आणि ट्रॅक्शन कंट्रोलला, म्हणजे चाक घसरलं की ताकद कापणाऱ्या यंत्रणेला मागे ठेवतो. वाळूत स्नो लावलं, की चाक जरा फिरलं रे फिरलं, यंत्रणा ताकद कापते आणि गाडी तिथेच बसते. त्यानंतर लोक करतात ते आणखी वाईट: पेडल तळापर्यंत. मिनिटभरात चाक एक्सलपर्यंत खाली.

रुतलात तर पाय आधी काढा. खाली उतरा, चाकांपुढची-मागची वाळू हाताने उपसा, टायरची हवा कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्स घ्या. मी वाळूत शिरण्याआधीच ३३ पीएसआयची हवा १८ वर आणतो आणि डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरतो, मगच वेग. यात वीस मिनिटं जातात. ज्यांना ती वीस मिनिटं जड वाटतात त्यांनी वाळूत जाऊच नये.

आणि तुमच्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जात असेल, तर बटणावर कितीही चित्रं असली तरी उरलेली दोन चाकं ओढायला लागणार नाहीत.

बाकीच्या चुका

ओव्हरटेक सुरू केल्यावर मोड बदलणं. नजर बटणाकडे जाते, समोरचा ट्रक तोवर जवळ येतो. बदलायचा तर आधी बदला.

पावसात स्पोर्ट. ओल्या रस्त्यावर पाय नाजूक हवा, आणि स्पोर्टला नाजूक पाय कळत नाही.

मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नसलेली फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देत चालवणं. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो पीळ चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. वळताना गाडी अडखळत असेल तर लगेच टू-हायवर, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर या.

गाडी बंद करून चालू केल्यावर मोड तोच असेल असं धरून चालणं. अनेक गाड्या परत नॉर्मलवर येतात. डिस्प्ले बघूनच निघा.

इलेक्ट्रिक गाडी डोंगरमाथ्यावर पूर्ण चार्ज करून लगेच उतरणं. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घेता येत नाही, त्यामुळे पाय काढल्यावर रोज जी गाडी आपोआप मंदावते, ती त्या दिवशी तेवढी मंदावत नाही. वर मुक्काम असेल तेव्हा मी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवतो, आणि निघाल्यावर पहिल्या सरळ पट्ट्यावरच ब्रेक एकदा दाबून बघतो.