भुलाबाईच्या मातीची तयारी: गावातल्या आजी-आजोबांच्या बैठकीसाठी

भुलाबाई, म्हणजे गाणी म्हणत पुजायची पार्वतीची मातीची मूर्ती, भाद्रपद पौर्णिमेला बसते, पण ती आजी-आजोबांच्या बैठकीत घडवायची तर तिची माती मे महिन्यातच घरात यायला हवी. पावसात तलाव भरला की गाळ हाती लागत नाही, लागला तरी सुकत नाही. तळ उघडा पडला की ग्रामपंचायतीला विचारून तलावातला किंवा बोडीतला (शेताजवळच्या लहान तळ्यातला) गाळ काढून ठेवा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेचं गाळ काढायचं काम जिथे चालू असेल तिथे ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं तरी चार घमेली मिळून जातात. शेतातली नुसती काळी माती घेऊ नका. ती पाण्याने फुगते आणि सुकताना तितकीच आकसते, मग मूर्तीला कमरेतच भेग जाते.

गाळ तसा चालेल का, हे आधी पाहून घ्या. मळलेल्या मातीची वडी थापून तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि सावलीत सुकवा. रेघ ९ सेंटिमीटरच्या आत आली, तर पाच भाग मातीला एक भाग चाळलेली बारीक रेती घाला. बारा जणांसाठी, प्रत्येकी ३ किलो मळलेली माती धरून आणि थोडी हाताशी ठेवून, ४० किलो लागते. त्यासाठी स्वच्छ कोरडी माती साधारण ३० ते ३२ किलो हवी. ती तीन दिवस टबात भिजवा, जुन्या सुती लुगड्यातून गाळा, वरचं पाणी काढा आणि गाळलेली माती पोत्यावर पसरून आळू द्या. मळताना दर १० किलोला मूठ-दोन मुठी पिंजलेला कापूस घाला. आपल्याकडे त्याची काय कमी! सरकी मात्र एकही राहू देऊ नका. ओलीत ती फुगते आणि मूर्ती आतून फुटते.

मळण्याचं काम आदल्या दिवशी तरण्या पोरांकडून करून घ्या. सांधे धरलेल्या मनगटांना ते झेपत नाही, आणि पहिल्याच तासाला हात दुखला की आजी दुसऱ्या दिवशी येत नाही. माती भाकरीच्या पिठापेक्षा किंचित सैल ठेवा. पण सैल माती उभी राहत नाही, म्हणून घेराचा भाग ओला कागद गुंडाळलेल्या स्टीलच्या ग्लासावर थापा. माती जरा ताठरली की ग्लास लगेच काढायचा. विसरलात तर आकसणारी माती ग्लासावर अडून तडकते. डोकं, हात आणि मांडीवरचा गणपती नंतर लावा. दोन्ही बाजू ओरखडून मधे पातळ माती भरा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला हात सुकल्यावर गळून पडतो.

बसायची सोय दोन प्रकारची हवी. गुडघे दुखणाऱ्यांना हातांच्या खुर्च्या आणि कोपराच्या उंचीचं टेबल. शाळेची ठेंगणी बाकं नकोत, कंबर धरते. ज्यांना खालीच बरं वाटतं त्यांना पाट. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं तर ओल्या पायाने घसरायला होतं, पोती अंथरा. कोरण्याच्या बांबूच्या काड्यांना आणि चमच्यांच्या दांड्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, म्हणजे वाकड्या बोटांत पकड येते. चष्मे आणायला आदल्या दिवशीच सांगा. हात बुडवायला कोमट पाणी. बोटाला जखम असेल, विशेषतः साखरेचा त्रास असणाऱ्याला, तर पट्टी बांधून हातमोजा घाला, नाहीतर त्या दिवशी नुसतं रंगकाम द्या. हात धुतल्यावर खोबरेल तेल.

शिकवायला माणूस शोधत बसू नका. निम्म्या आज्यांनी लहानपणी भुलाबाई केलेली असते. मधे बसून गाणं कोणतं म्हणायचं एवढंच विचारा.

सुकायला दमट हवेत आठ-दहा दिवस धरा, त्यामुळे शेवटची बैठक पौर्णिमेच्या दोन आठवडे आधी, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, संपवा. मूर्ती सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर, रोज फिरवून ठेवा. गालाला लावून गार लागली तर आत ओल आहे, रंग थांबवा. रंग म्हणून चुन्याची पातळ सफेदी आणि गेरू पुरे. पणत्या करून कुंभाराच्या भट्टीत द्यायच्या असतील तर चुनखडीचे खडे वेचून काढा, नाहीतर भाजल्यावर हवेतली ओल पिऊन ते फुगतात आणि पणतीचे टवके उडतात.

सांडलेली सुकी माती फड्याने झाडू नका, धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. हात धुतलेलं पाणी नालीत ओतू नका, नाली बुजते. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडांना, तळची माती परत टबात.